सिल्कवर ट्रिक्स येतात पण गाणं लागलं की ब्लँक होतं? उंची कमी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात दीड वर्ष एरियल सिल्क, म्हणजे छतावरून सोडलेल्या लांब कापडावरचा नाच, शिकताय, त्याआधी बरीच वर्षं कथक केलंय. फूटलॉक (पावलाभोवती कापड अडकवून उभं राहणं), हिप की (कापड कमरेला-मांडीला अडकवणं), क्रॉसबॅक (कापड पाठीवरून तिरकं ओलांडून घेणं), दोन-तीन ड्रॉप्स (गुंडाळी ठरवून सोडत खाली येणं) हे सगळं नीट येतं, रील्सही छान होतात, पण ट्रेनरने गाणं लावून "आता काहीही करा" म्हटलं की फूटलॉकमध्ये उभं राहून डोकं रिकामं होतं. मग विचारलंय की इम्प्रोव्हायझेशन, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं नाचणं, ही टेक्निक पूर्ण झाल्यावरची पायरी आहे का, की ते उपजतच लागतं, आणि घरी हॅमॉक (कापडाची झोळी) टांगून सराव केला तर चालेल का.

उपजत वगैरे काही नसतं. आणि टेक्निक "पूर्ण" झालेला माणूस मी अजून बघितलेला नाही, त्यामुळे त्याची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. माझं मत सरळ आहे की इम्प्रोव्ह ही शेवटची पायरी नाहीच, ती शिकायची पद्धत आहे, पहिल्या महिन्यापासून वापरायची. फक्त ती जमिनीजवळ करायची आणि एका वेळी फार थोडे पर्याय हातात ठेवून करायची. "काहीही करा" ही सूचना नवीन माणसाला देणं म्हणजे त्याला काहीच न देणं.

माझी पार्श्वभूमी सांगते म्हणजे पुढचं कुठून बोलतेय ते कळेल. मी लहानपणी दोरीच्या मल्लखांबावर वाढले, नंतर ट्रपीझ (दोऱ्यांना टांगलेली आडवी दांडी) आणि सिल्ककडे वळले, आता बरीच वर्षं शिकवते, त्यात लहान मुलं कमी आणि नोकरी करून संध्याकाळी येणारी तीस-चाळिशीतली माणसं जास्त. त्यामुळे जे सांगतेय ते ॲथलीट लोकांसाठी नाही, तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी आहे.

आता खरा प्रॉब्लेम काय आहे. तुम्हाला वाटतंय कल्पना सुचत नाहीत. मला तसं वाटत नाही, कथकमध्ये इतकी वर्षं घालवलेल्या माणसाला कल्पना सुचत नाहीत हे पटणं कठीण आहे. तुम्ही प्रत्येक ट्रिक एका बंद पाकिटासारखी शिकलात: जमिनीवरून चढा, गुंडाळा, पोज घ्या, फोटो, सोडा, उतरा. आत जायला एक रस्ता, बाहेर यायला एक रस्ता. मधल्या जागेत, म्हणजे अर्धवट गुंडाळलेलं असताना, एक पाय सुटा असताना, कापड कमरेवरून घसरतंय अशा वेळी काय होतं हे तुम्ही कधी बघितलेलंच नाही, कारण क्लासमध्ये त्या जागेतून लवकरात लवकर पुढे जायला शिकवतात. आणि नाच तर त्या मधल्या जागेतच असतो. मग फूटलॉकमध्ये उभं राहिल्यावर शरीर म्हणतं की पुढचं पाकीट कुठलं, ते आठवेपर्यंत गाणं पुढे गेलेलं असतं, हात दमलेले असतात, आणि दमलेल्या हातांनी कोणाला काही सुचत नाही. म्हणजे हे ब्लँक होणं बऱ्याच अंशी शारीरिक आहे, घाबरलेलं शरीर माहितीच्याच गोष्टी मागतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. तुमच्या स्टुडिओत उपकरण खाली-वर करायची सोय आहे का, सिल्क आहे की स्लिंग, म्हणजे दोन्ही टोकं वर बांधलेली झोळी, की ट्रपीझ, छत किती उंच, सराव करताना शेजारी जाणतं कोणी उभं असतं का, तुमचे खांदे कसे आहेत. ज्यांचे सांधे जरुरीपेक्षा जास्त लवचिक असतात त्यांना लटकताना मजा येते आणि दुखणं उशिरा कळतं, त्यांनी माझ्या पुढच्या सल्ल्यात निम्मी वेळ आणि दुप्पट विश्रांती असं वाचावं. काचबिंदू, जास्त ब्लड प्रेशर, हर्निया, गरोदरपण यातलं काही असेल तर उलटं लटकायचं की नाही हे डॉक्टरला विचारायचं, मला नाही.

आता उंचीचा मुद्दा, कारण सगळं तिथेच अडकलंय. लोकांना वाटतं एरियल डान्स म्हणजे सर्कसचं सुंदर रूप. सर्कसचं उपकरण घेतलंय हे खरं, पण हा नाच म्हणून सुरू झाला तो उपकरण खाली आणल्यामुळे. १९७० च्या दशकात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास टेरी सेंडग्राफ नावाची बाई होती, जिम्नॅस्टिक्स आणि डान्स दोन्ही केलेली, इम्प्रोव्हायझेशन करणाऱ्या लोकांत वावरणारी. तिने ट्रपीझ इतकी खाली टांगली की जमिनीवर उभं राहून दांडी धरता येईल, आणि दोन्ही दोऱ्या वर एकाच बिंदूत आणल्या. सर्कसची ट्रपीझ दोन बिंदूंवर टांगलेली असते, त्यामुळे ती पुढे-मागे जाते, बस. एकाच बिंदूवर टांगली की ती गोल फिरते, भोवऱ्यासारखी स्वतःभोवतीही फिरते, आणि तुम्ही पळत येऊन तिला धरलं तर वर्तुळात उडवून परत तुमच्या पायांवर आणून ठेवते. तिने या कामाला मोटिव्हिटी नाव दिलं. त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये ट्रिशा ब्राउनने १९७० साली एका माणसाला हार्नेस घालून इमारतीच्या भिंतीवरून खाली चालत आणलं, आणि १९७२ मध्ये स्टीव्ह पॅक्स्टनच्या कामातून कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन सुरू झालं, ज्यात दोन माणसं एकमेकांवर वजन टाकत, घेत, घसरत नाचतात. या सगळ्यांना ट्रिकमध्ये रस नव्हता, वजन कुठे जातं यात होता. नंतर १९८८ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये नॅन्सी स्मिथने फ्रीक्वेंट फ्लायर्स ही संस्था काढली, आणि एरियल डान्स ही वेगळी शिकायची गोष्ट आहे हे तिथे पक्कं रुजलं. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की तुम्ही उलट्या बाजूने आत आलात. आधी वर गेलात, आता तिथून नाच शोधताय. खाली या.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं. पुढचे काही आठवडे, किती ते तुमच्यावर आहे, प्रत्येक क्लासची पहिली पंधरा मिनिटं दोन्ही पाय किंवा किमान एक पाय जमिनीवर ठेवून काढा. कापड किंवा ट्रपीझ एका हाताने धरा, हात सरळ, आणि बिंदूभोवती नुसतं चाला. मग हळूहळू वजन बाहेर झुकवा, दहा टक्के, तीस टक्के, अर्धं. अर्धं वजन दिलं की पाय आपोआप पळायला लागतात कारण वर्तुळ खेचायला लागतं. इथे बहुतेक लोक हात वाकवतात आणि खांदे कानाला लावतात, ते करू नका, खांदा खाली आणि मागे, हात लांब. पाठ, कुल्ला, काखेची बाजू, गुडघ्याची खळगी, कापडावर काय काय टेकवता येतं ते बघा, पोज न घेता. चढायचं नाही हा नियम. पहिल्यांदा अत्यंत बोअर होतं, माझ्याकडची माणसं तोंड वाकडं करतात, "मॅडम आम्ही पैसे उडायला भरलेत" असं एकाने स्पष्ट सांगितलंही होतं. पण तीन-चार वेळा झालं की कळतं की उपकरण तुमच्याशिवायही हलतंय आणि तुम्हाला त्याला काही "करवायचं" नाहीये.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, जरा लांबेल. तुम्ही कथकवाल्या आहात म्हणून मुद्दाम सांगते, टांगलेल्या वस्तूला स्वतःची लय असते आणि ती तुमचं ऐकत नाही. शाळेत लोलक शिकलो होतो ना, एका फेरीला लागणारा वेळ फक्त लांबीवर ठरतो, वजनावर नाही, आणि झोका फार मोठा नसेल तर किती मोठा घेतलाय यावरही नाही. वरच्या बिंदूपासून तुमच्या शरीराच्या मध्यापर्यंत ४ मीटर असतील तर जाऊन परत यायला जवळजवळ ४ सेकंद लागतात. सव्वादोन मीटर असतील तर ३ सेकंद. ९ मीटर असतील, एखाद्या मोठ्या थिएटरमध्ये असतात, तर ६ सेकंद. तुम्ही ५० किलोच्या असा की ८० च्या, काही फरक नाही. म्हणजे तुमच्या स्टुडिओतलं छत हा तुमचा तबलजी आहे. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं लावलं आणि लांबी ४ मीटर असेल तर एका झोक्यात बरोबर आठ ठोके बसतात, सगळं जादूसारखं जुळतं. गाणं १०० चं लावलं की झोका समेवर येतच नाही, तुम्ही हात-पाय मारून त्याला समेवर ओढायला जाता, आणि तिथे दम आणि सौंदर्य दोन्ही जातं. बऱ्याच जणांना जे "मला सुचत नाही" वाटतं ते खरं म्हणजे "मी चुकीच्या लयीशी भांडतेय" असतं. त्यामुळे आधी गाणं बंद. घड्याळ लावून स्वतःचा झोका मोजा, दहा फेऱ्यांना किती सेकंद लागले त्याला दहाने भागा. मग त्या लयीत बोल म्हणा, तोंडाने, पढंत करता तशी, आणि झोका कुठे खाली येतो तिथे सम धरा. गाणं नंतर त्या मापाचं शोधा.

पुढची गंमत म्हणजे ही लय तुम्हाला थोडी बदलता येते. ट्रपीझवर बसलेल्या असताना उभ्या राहिलात की शरीराचा मध्य वर जातो, लांबी कमी होते, झोका किंचित जलद होतो. खाली लोंबकळलात की संथ. मोठ्या झोपाळ्यावर उभं राहून झोके घेताना आपण नकळत हेच करतो, खालच्या टोकाला उठतो आणि वर गेल्यावर बसतो, त्यानेच झोका वाढतो. वरच्या टोकाला एक क्षण वजन नसल्यासारखं वाटतं, तिथे हात बदलणं, पाय सोडणं, बाजू बदलणं सगळं स्वस्तात होतं. तळाला मात्र शरीर जड होतं, उभ्यापासून ६० अंशांवरून सोडलेला झोका तळाशी येतो तेव्हा हातांवर जवळजवळ दुप्पट वजन येतं, दोरी आडवी होईपर्यंत नेलेल्या झोक्यात तिप्पट. म्हणून इम्प्रोव्ह करताना एक साधा नियम: पकड बदलायची ती वर, तळाला नुसतं धरून राहायचं. हा एकच नियम घेऊन दहा मिनिटं खेळा, "काय करू" हा प्रश्न बराचसा गायब होतो कारण "केव्हा करू" हे उपकरणच सांगतं.

गिरकीचं वेगळं आहे. कथकच्या चक्करमध्ये तुम्ही नजर एका जागी ठेवून मान शेवटच्या क्षणी फिरवता. इथे ते सोडून द्या. सिंगल पॉइंटवर, म्हणजे उपकरण एकाच बिंदूवर टांगलेलं असताना, शरीर उपकरणासकट फिरतं, वेग तुमच्या ताब्यात पूर्ण नसतो, मान मागे ठेवायला गेलात तर मळमळ आणि मानेला झटका. नजर जवळ ठेवायची, स्वतःच्या हातावर किंवा समोरच्या दोरीवर, जी तुमच्याबरोबर फिरतेय. अंग आवळलं की वेग वाढतो, हात-पाय पसरले की कमी होतो, त्यामुळे घाबरल्यावर आवळून घेण्याची जी सवय असते ती इथे नेमकी उलटी पडते. गरगरायला लागलं की उघडा. आणि गिरकीचा सराव जेवून लगेच नको, हे अनुभवाचे बोल आहेत, माझ्या नव्हे तर माझ्या मॅटच्या.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे, फूटलॉककडे. फूटलॉकमध्ये ब्लँक होणं समजण्यासारखं आहे कारण ती जागा फसवी आहे. आत उभं राहणं फुकट असतं, वजन पडलं की कापड पावलाभोवती आणखी आवळतं, वाटतं आराम आहे. पण बाहेर पडायला आधी वजन हातांवर घ्यावं लागतं, मग पाय सैल करून झटकावा लागतो. म्हणजे बाहेर पडण्याची किंमत हातात मोजायची, आणि विचार करत उभं राहताना हात कापड धरून हळूहळू दमतच असतात. मी शिकवताना प्रत्येक गुंडाळीचे दोन आकडे मनात ठेवायला सांगते, आत जायला किती ताकद आणि बाहेर यायला किती. हिप की आत जायला महाग, बाहेर यायला स्वस्त. फूटलॉक त्याच्या उलट. इम्प्रोव्हमध्ये तुम्ही कुठे आहात यापेक्षा बाहेर यायला पुरेसं शिल्लक आहे का हे सतत माहीत असायला हवं. पकड हळूहळू सुटत नाही, ती अचानक सुटते. म्हणून अर्धी ताकद उरली की खाली, गाणं चालू असलं तरी, आणि जमिनीवर नाचत राहा, तेही नाचच आहे.

याचा सराव असा. कापडाची गाठ किंवा झोळी मांडीच्या उंचीला, खाली जाड मॅट. हिप की घ्या. आता पोज नाही, चौकशी करायची. उजवा हात सोडला तर काय होतं? डावा? वरचा पाय थोडा वाकवला तर कापड कुठे सरकतं? कुठला पाय सैल झाला की सगळंच सुटतं? एकेक करून, हळू, दुसरा हात धरलेला ठेवून. मग तिथून बाहेर यायचे किमान तीन रस्ते शोधा, त्यातला एक कुरूप असला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी तीच चौकशी दुसऱ्या बाजूने, कारण सगळे जण एका बाजूने हुशार आणि दुसऱ्या बाजूने आंधळे असतात, आणि इम्प्रोव्हमध्ये शरीर बाजू विचारून पडत नाही. असं चार-पाच गुंडाळ्यांचं केलंत की तुमच्याकडे ट्रिक्सची यादी न राहता चौक तयार होतात, एका ठिकाणाहून तिसरीकडे जाता येतं, आणि तुम्ही न ठरवता जायला लागता.

एक नियम इथे कधी मोडायचा नाही. नवीन गुंडाळी वर शोधायची नाही. तुम्हाला खेळता खेळता काहीतरी वेगळं सापडलं, छान वाटतंय, तर तिथून खाली या, मांडीच्या उंचीला परत तेच करा, सोडून बघा, ताण काढून बघा, कापड ढिलं पडल्यावर कुठे सुटतं ते बघा. जी गुंडाळी ताणलेली असताना घट्ट असते ती वजन क्षणभर उचललं की उलगडू शकते, आणि ड्रॉप म्हणजे शेवटी नीट ठरवलेलं उलगडणंच आहे. गळ्याभोवती कापड हे तर कुठल्याच उंचीला नाही. आणि इम्प्रोव्हमध्ये ड्रॉप्स नाहीत, पूर्णविराम. ड्रॉप हा मोजून, पाठ करून, कोणीतरी बघत असताना करायचा प्रकार आहे.

मर्यादा कशा घालायच्या हे लोक विचारतात. माझ्या क्लासमध्ये चालणारे काही खेळ: फक्त एक आकार आणि त्यात जायचे-यायचे रस्ते, तीन मिनिटं. किंवा, हात वापरायचे नाहीत, फक्त गुडघ्याची खळगी आणि कंबर. किंवा, डोकं कायम कापडाच्या डाव्या बाजूला. किंवा नुसतं संथ, इतकं संथ की बघणाऱ्याला हालचाल कळू नये, याने दम सगळ्यात जास्त लागतो त्यामुळे एक मिनिट पुरे. किंवा दोघांनी एकच ट्रपीझ, एक जमिनीवर एक वर, जमिनीवरच्याने फक्त झोका द्यायचा आणि वरच्याने फक्त उत्तर द्यायचं. डोळे बंद करून करणारेही आहेत, मी जमिनीवर पाय असतानाच करू देते. पर्याय जितके कमी तितकं सुचतं, हे ऐकायला विचित्र वाटतं पण ठुमरीत एकाच ओळीवर अर्धा तास काढणाऱ्यांना कोणी विचित्र म्हणत नाही.

इथपर्यंतचं एका दमात: आधी पाय जमिनीवर, मग झोक्याची लय मोजून तिच्याशी जमवून घेणं, मग प्रत्येक गुंडाळीतून बाहेर यायचे रस्ते, मग मर्यादा घालून खेळ, आणि उंची सगळ्यात शेवटी. गाणंही शेवटीच.

मल्लखांबाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण कोणीतरी विचारेलच, की आपल्याकडे दोरीचा मल्लखांब असताना हे सगळं कशाला. मल्लखांबाचं श्रेय बाळंभटदादा देवधरांना देतात, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले, आणि आज दादरला शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात गेलात तर छोट्या मुली साध्या सुती दोरीवर जे करतात ते बघून सिल्कवाल्यांनी हात जोडावेत. गाठ न मारता, पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात दोर धरून चढायचं, कुठेही कापडाची गादी नाही. ताकद, पकड, गुंडाळीची समज यासाठी त्यासारखं दुसरं काही नाही, मला आजही जी काही सुरक्षितता वाटते ती तिथली. पण तिथे संच बसवलेला असतो, वेगात करायचा असतो, परीक्षक अवघडपणा आणि सफाई बघतात, आसनात स्थिर राहायचं असतं. भटकायला तिथे वेळ नाही, आणि ती त्याची उणीव नाही, तो वेगळा खेळ आहे. माझ्याकडे मल्लखांबातून आलेल्या मुली पहिल्याच दिवशी सगळं करून दाखवतात आणि "आता हळू, आणि मधेच थांबून दिशा बदल" म्हटलं की तुमच्यासारख्याच गोंधळतात. उलट दोन वर्षं फक्त योगा केलेला एखादा काका ट्रपीझला टेकून चालताना असं काहीतरी करतो की सगळे थांबून बघतात. तेव्हा तुमच्याकडे काही कमी आहे असं धरून चालू नका, कथकमुळे लय आणि अभिनय आहे, सिल्कमुळे पकड आहे, दोघांची ओळख करून द्यायची राहिलीय. जवळपास मल्लखांबाचा चांगला वर्ग असेल तर ताकदीसाठी नक्की जा, त्याने इम्प्रोव्ह येणार नाही पण इम्प्रोव्ह करायला लागणारा निवांतपणा येईल.

शरीराची काळजी, पटकन. काखा, गुडघ्याची मागची बाजू आणि कंबर झाकणारे कपडे, चेन आणि बटणं नकोत, अंगठ्या-कानातले काढून. पावसाळ्यात मुंबई-कोकणात कापड आणि दोर दोन्ही दमट होतात, हातही, पकड बदलते, रोझिन (पकडीसाठी लावायची राळ) लावलं तरी थोडा वेळच टिकतं, त्या दिवशी उंची आणखी कमी करा. इम्प्रोव्हमध्ये आपण नकळत आवडीच्या पकडीवर परत परत जातो, त्याने कोपराच्या आतल्या बाजूचे स्नायू दुखावतात, दुखायला लागलं की आठवडाभर लटकणं बंद आणि जमिनीवरचं चालू.

व्हिडिओ काढा पण त्याच दिवशी बघू नका. लगेच बघितलं की पोट दिसतं, पाय वाकडे दिसतात, आणि पुढच्या वेळी तुम्ही कॅमेऱ्यासाठी नाचता. तीन-चार दिवसांनी आवाज बंद करून बघा आणि फक्त एवढंच शोधा की मी कुठे घाई केली. घाई जिथे असते तिथे बहुतेक वेळा बाहेरचा रस्ता माहीत नसतो, म्हणजे पुढच्या क्लासचा गृहपाठ आयता मिळाला.

शेवटचा प्रश्न, घरचा हॅमॉक. पंख्याच्या हुकाला नाही, कधीच नाही, कितीही "मजबूत आहे हो" म्हणाले तरी. तो हुक एका जागी लोंबणाऱ्या पंख्यासाठी बसवलेला असतो, आणि वर सांगितलं तसं ६० किलोचं माणूस ६० अंशांच्या झोक्यात १२० किलोचं होतं, दचकून थांबलं तर त्याहून जास्त, आणि ओढ सरळ खाली नसते, तिरकी आणि फिरती असते. एरियल रिगिंगमध्ये, म्हणजे उपकरण टांगण्याच्या कामात, माणसाच्या अपेक्षित भाराच्या दहापट क्षमता धरायची पद्धत आहे ती याच कारणाने. दाराच्या चौकटीतला पुल-अप बारही नाही, फ्लॅटच्या स्लॅबमध्ये स्वतः ड्रिल मारून अँकर बोल्टही नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरने बीम बघून जागा ठरवून दिली, रिगिंग कळणाऱ्याने लावलं, आणि दर काही महिन्यांनी तपासायची तयारी असेल तर लावा, तेही मांडीच्या उंचीपर्यंतच आणि घरात दुसरं माणूस असताना. इतकं जमत नसेल, आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये जमत नाहीच, तर ट्रेनरकडे क्लासच्या आधीची पंधरा-वीस मिनिटं मागून घ्या, सांगा की चढणार नाही, फक्त खाली धरून चालणार आहे. चढणार नाही म्हटलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही, फक्त कोणीतरी हॉलमध्ये हजर असेल अशीच वेळ मागा.